नायलॉनचं तोरण

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी गोदूबाईंनी आपल्या गेलेल्या नवऱ्याची पँट घातली. वर त्याचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत त्याचे गमबूट, आणि पँट कमरेला राहीना म्हणून सुतळी. साठी ओलांडलेली बाई अशा अवतारात जिन्याखालून गवत कापायची मशीन ओढत अंगणात आली, तेव्हा तिचा मुलगा वैभव दात घासत उभा होता. त्यानं ब्रश तोंडातच ठेवून आधी बाहेरचं दार लोटून घेतलं.

"आई, हे काय करून राहिली तू? लोकं पाहून राहिले!"

"पाहू दे. त्याईचे डोळे हायेत."

"अन् बाबाची पँट काहून घातली?"

"पातळ नेसून गेली तर ही मशीन गवत सोडून माह्यं पातळच गुंडाळंल. मंग लोकं आणखीनच पाहतीन. चालते का तुले?"

वैभवला तेही चालणार नव्हतं. तो शहरातल्या सदर भागातल्या एका ऑफिसात खुर्चीवर बसायचा, आणि खुर्चीवर बसणाऱ्याला लोकांचं भय जरा जास्तच असतं. आपला बाप लोकांच्या बंगल्यांचं गवत कापायचा, हे त्यानं ऑफिसात कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता आई तीच मशीन खांद्याला लावून सगळ्या वस्तीसमोर, भर लेआउटमध्ये निघाली होती.

बाप म्हणजे ईश्वरदास. तांडापेठेतला विणकर. माग बंद पडला तेव्हा रडत बसला नाही. पेट्रोलवर चालणारी ही मशीन घेतली आणि धरमपेठेतल्या बागांपासून सावनेरच्या शाळेच्या मैदानापर्यंत गवत कापत हिंडला. त्याच कमाईतून उमरेड रोडवरच्या या लेआउटमध्ये घर बांधलं. लेआउटच्या मधोमध मोकळं मैदान होतं. तिथलं गवत तो दरवर्षी पोळ्याआधी कापायचा, कुणी न सांगता. दोन लोखंडी पाइप त्यानंच पुरले, त्यांच्यामध्ये तोरण बांधलं, आणि तेव्हापासून तिथं पोरांचा तान्हा पोळा भरायला लागला. पोरं लाकडाचे बैल सजवून आणत, तोरणाखाली रांगेनं उभे करत, मोठी माणसं झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकं जुळवलेली गाणी, म्हणत, मग ईश्वरदास तोरण तोडी आणि पोरं बैल ओढत मैदानभर सुटत.

गेल्या दिवाळीनंतर ईश्वरदास गेला. या पावसाळ्यात मैदानात तरोटा आणि गाजरगवत कमरेएवढं माजलं, आणि गवताबरोबर मुकुंदरावही माजले.

मुकुंदराव लेआउटच्या समितीचे अध्यक्ष. घर मैदानासमोर, घरात दोन गाड्या, भाडेकरूची तिसरी. त्यांनी मीटिंग घेतली. मैदानात साप आहेत, पोरांच्या जिवाला धोका आहे, तेव्हा यंदा पोळा माझ्या गच्चीवर करू, असं म्हणाले. आणि मैदानाचा वापर नाहीच, तर फाटक लावून गाड्यांची सोय करू, असंही हळूच म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या, कारण समोसे गरम होते. फाटक तर आधीच रंगवून त्यांच्या पोर्चमध्ये टेकून ठेवलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि वरून लोकांना दुसऱ्या सापांचं भय घालत होता!

"गवत मी कापतो," गोदूबाई मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या होत्या. त्या नेहमीच असं, पुरुषासारखं 'कापतो, जातो' बोलायच्या. तांडापेठेतल्या कितीतरी बायांना ही सवय असते.

"वहिनी," मुकुंदराव हसून म्हणाले, "ती काय मेथी निवडायची आहे का? आणि मशीन चालवणं बायामाणसाचं काम नाही."

सगळे हसले. वैभवही ओशाळून थोडा हसला. ते हसू गोदूबाईंच्या काळजात रुतलं. बाकीच्यांचं त्यांना काही वाटलं नाही. पण एकदा फाटक लागलं की ते कुणाच्या बापाकडून निघत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फाटक लागलं तर ईश्वरदासनं जे केलं ते एका पावसाळ्यात पुसलं जाणार, आणि पुढच्या वर्षी पोरांना सांगूनही खरं वाटणार नाही की इथं बैल धावत होते. म्हणून त्यांनी ठरवलं, आजच्या आज मैदान मोकळं करायचं आणि संध्याकाळी पोळा तिथंच भरवायचा.

सून काजल पेट्रोलची बाटली घेऊन आली. "आई, ऑइल मिसळूनच आणलं. बाबा सांगायचे ना, नुसतं पेट्रोल टाकलं तर इंजिन बसते म्हणून."

"शहाणी वं माय माही," गोदूबाई म्हणाल्या, आणि वैभवकडे मुद्दाम पाहिलं नाही.

मशीन त्यांनी पूर्वी चालवली होती. ईश्वरदासची कंबर धरली की त्या अर्धं मैदान करायच्या. मात्र पुढच्या गोल डब्यात नायलॉनची तार भरायचं काम त्यानं त्यांना कधी करू दिलं नाही. ही तारच गरगरा फिरून गवत तोडते. ती भरताना तो म्हणायचा, "तू ठेव, तुह्या हातानं नाही होत." याचा त्यांना फार राग यायचा. ज्या बाईनं उभा जन्म चरख्यावर कांड्या भरल्या, धोट्यात बसणाऱ्या एवढ्याशा नळीवर कोसभर सूत निगुतीनं गुंडाळलं, तिला हा माणूस तार गुंडाळता येत नाही म्हणतो!

आज त्यांनी ती हौस भागवून घेतली. नारिंगी तार आधी बादलीत भिजत घातली, कारण बाण्याचं, म्हणजे आडवं सूत भिजवल्याशिवाय कांडी भरायची नाही, हे त्यांच्या आईनं शिकवलं होतं. मग पायरीवर बसून ती अशी भरली की वेढ्याला वेढा लागून. काजलनं हात लावून पाहिला आणि म्हणाली, "काय गुळगुळीत भरली हो आई!"

मैदानावर माणसं जमली होतीच. सुट्टीचा दिवस. सकाळी जुन्या वस्तीतली मारबतीची, म्हणजे गावाची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक पाहून आलेले पोट्टे तर अजून त्याच धुंदीत होते. मुकुंदराव आपल्या घराच्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते, आणि त्यांची पांढरी गाडी मैदानाच्या कोपऱ्यात, तोरणाच्या एका पाइपाला खेटून उभी होती.

गोदूबाईंनी पट्टा खांद्यावर घेतला, ईश्वरदासचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोरी ओढली. मशीन नुसती खोकली. पुन्हा ओढली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा त्यांनी अशी ओढली की मशीन भडकलीच. निळा धूर निघाला. पोट्ट्यांनी ओरडा केला. गोदूबाईंनी खटका दाबून तरोट्यावर पहिला फेर मारला.

तरोटा जागचा हलला नाही. डब्यातली तार मात्र सैल पडली, सरसर वेढे सुटले, आणि सगळीच्या सगळी तार उडून समोरच्या बाभळीच्या झुडपावर जाऊन लोंबू लागली.

मग मुकुंदराव मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, माग नाही तो! या चहा घ्यायला!" आणि मैदानभर हशा पिकला.

गोदूबाईंचं तोंड लालबुंद झालं. मशीन बंद करून त्यांनी डबा उघडला. आतल्या बाजूला बाणाची खूण होती. तार बाणाच्या दिशेनं गुंडाळायची. त्यांच्या हातानं ती चरख्याच्या सवयीनं बरोबर उलटी गुंडाळली होती. खुणेकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. हाताला येतं ते डोळ्यांनी कोण पाहतं?

आणि तेव्हा त्यांना कळलं, हा माणूस तार का भरू देत नव्हता ते. त्याचेही हात मागावर घडलेले. त्याचीही तार पहिल्यांदा अशीच उडाली असणार, कुठल्यातरी बंगल्यात, साहेबासमोर. घरी येऊन त्यानं कधी सांगितलं नाही. गोदूबाईंचे डोळे भरले. पण ते चष्म्याच्या आत होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही.

"आई, चल घरी," वैभव जवळ येऊन कुजबुजला. "झालं तेवढं बस."

"तुह्या बापानं मशीन घेतली तेव्हा हसणारे कमी होते काय रे? तो आला होता घरी?" त्या म्हणाल्या. "जाय, ती बाभळीवरची तार काढून आण."

वैभव दोन पावलं मागे सरला. मग झुडपाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि गेला. हातावर काटे ओढवून घेत त्यानं तार सोडवून आणली.

गोदूबाई तिथंच मातीत मांडी घालून बसल्या, सगळ्या लेआउटसमोर, पँट घालून. तार आता बाणाच्या दिशेनं भरायला लागल्या. हात ऐकेना. बोटं दर वेढ्याला आपल्या ओळखीच्या वाटेनं वळायला बघायची. त्या पुन्हा सोडायच्या, पुन्हा भरायच्या. एवढं वय झालं, पण हाताशी असं भांडण कधी झालं नव्हतं. शेवटी डबा खट्कन बंद झाला.

या वेळी पहिल्याच फेरात तरोटा आडवा पडला.

मग काय विचारता! गोदूबाई पुढे, काजल पंजा घेऊन मागे, कापलेलं गवत गोळा करत. हिरवा रस उडून शर्टावर ठिपके पडले, गाजरगवताचा उग्र वास सुटला, आणि मशीनच्या आवाजात मुकुंदरावांच्या सूचना कुणाला ऐकू जाईनात. साप एकही निघाला नाही. निघाल्या त्या दोन चपला, एक फुटकं मडकं आणि मुकुंदरावांच्या नातवाचा हरवलेला चेंडू.

दुपार कलता कलता सगळं मैदान झालं. राहिला तो गाडीचा कोपरा. गोदूबाईंनी मशीन थांबवली.

"मुकुंदभाऊ, गाडी हटवा. तिथं खडी हाय, उडते."

"राहू द्या ना वहिनी तेवढं. गाडीखाली कोण पाहतं?"

"तोरणाचा पाइप हाय तिथं."

"चावी सापडून नाही राहिली," मुकुंदराव म्हणाले आणि खिशावर हात ठेवला. खिशात चावी खुळखुळली.

"मंग सापडवा निवांत," गोदूबाई म्हणाल्या. "मी हाय इथं." आणि त्यांनी दोरी ओढली.

वैभव धावत आला. आता हा मला अडवणार, असं त्यांना वाटलं. पण त्यानं दोन्ही हात पसरले आणि पोरांना मागे रेटलं. "मागं व्हा बे पोट्टेहो! खडी उडते! काका, तुम्हीही मागं व्हा. आई थांबणार नाही."

पहिला खडा उडाला आणि गाडीच्या चाकाशी पडला. दुसरा दारावर लागला. टण्ण! एवढासा आवाज, पण मुकुंदरावांच्या हातातला दुपारच्या चहाचा कप खाली पडला. "अहो थांबा! थांबा! काच फुटेल!" असं ओरडत ते पळत आले, आणि हरवलेली चावी त्यांना पळता पळताच सापडली. गाडी मागे घेऊन ते मैदानाबाहेर काढू लागले, तेव्हा सकाळपासून गळा तापलेल्या पोट्ट्यांना राहवलं नाही. सगळ्यांनी एका सुरात आरोळी ठोकली, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!"

गोदूबाई हसल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच पोटातून हसल्या.

संध्याकाळी सगळं लेआउट मैदानात लोटलं. गच्चीवरची सतरंजी कुणीतरी गुपचूप खाली आणून अंथरली. तोरणाला दोर नव्हता, म्हणून काजलनं उरलेली नारिंगी तार दोन्ही पाइपांना बांधली आणि तिच्यात आंब्याची नि पळसाची पानं अडकवली. खाली लाकडाचे बैल रांगेनं उभे राहिले. गोदूबाई आता पातळ नेसून, मागे, बायांमध्ये बसल्या होत्या. नवरा गेलेल्या बाईनं शुभकार्यात मागंच बसायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

झडत्या झाल्या. तोरण तोडायला अध्यक्ष पुढे आले. मुकुंदरावांनी नवा कुर्ता घातला होता, आणि सकाळचं काही आठवत नसल्यासारखा चेहरा. त्यांनी तोरण धरून झटका दिला.

तोरण तुटलं नाही. नायलॉनची तार ती. तरोट्याची खोडं जिनं तोडली, ती एका झटक्यानं कशी तुटणार? मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी ओढली, पाय रोवून लोंबकळले. पानं तेवढी गळली. पोरं खिदळायला लागली. आधी एक पोरगी म्हणाली, मग सगळीच म्हणायला लागली, "आजी! आजी! आजी!"

बायांमध्ये कुजबूज झाली. एक म्हातारी म्हणालीच, "अवं, तिच्या हातून कसं चालंल?"

गोदूबाईंनी ते ऐकलं. त्यांचा हात आपोआप पदराशी गेला. मग त्यांनी समोर पाहिलं. वैभव गर्दीतून वाट काढत येत होता. त्याच्या हातात ईश्वरदासचा तार कापायचा चिमटा होता. सगळ्यांसमोर त्यानं तो आईपुढे धरला.

"हे मैदान माह्या आईनं कापलं," तो मोठ्यानं म्हणाला, सदरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "माहा बापबी गवतच कापत होता. तोरण आईच तोडंल."

गोदूबाई उठल्या. बैलांच्या रांगेमागून चालत तोरणाखाली गेल्या. मुकुंदराव बाजूला झाले. त्या म्हातारीकडे वळून गोदूबाई म्हणाल्या, "आत्याबाई, गवत माह्या हातून चाललं, मंग तोरणबी चालते."

चिमटा दाबला. तार सुटून दोन्हीकडे उडाली. "हर बोला हर हर महादेव!" झालं, आणि लाकडी चाकं खडखडत सुटली. मुकुंदरावांचा नातू सगळ्यांत पुढे होता. आपला बैल ओढत तो, जिथं त्याच्या आजोबांचं फाटक लागणार होतं, तिथून सरळ बाहेर रस्त्यापर्यंत धावत गेला, आणि तिथून वळून परत मैदानात आला.