जिन्याखालचं बाक

भुयारी रेल्वेच्या फलाटांवरची बाकं काढायचं काम फिटरकडे आलं, कारण त्यातली निम्मी त्यानेच बसवली होती. तेवीस वर्षांची नोकरी. कुठला बोल्ट गंजलाय, कुठला सरळ पान्याने सुटेल, हे त्याला न बघता सांगता यायचं.

सुपरवायझरने कागद पुढे केला. तीन वर्षांत प्रवासी दीडपट झाले होते, नव्या गाड्यांचा पत्ता नव्हता आणि वर कुणीतरी डोकं चालवलं होतं. बाकावर चार माणसं बसतात, तेवढ्याच जागेत दहा उभी राहतात.

"आणि म्हातारीकोतारी?" फिटरने विचारलं.

"त्यांनी गर्दीच्या वेळी यायचंच कशाला?"

फिटरने कागदाची घडी करून खिशात घातली. तोंड उघडून नसती आफत ओढवून घ्यायची नाही, ही त्याची जन्मभराची रीत. त्यातून मुकादमाची जागा रिकामी होणार होती आणि नंबर त्याचा होता.

त्याची बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायची. दिवसभर पाय लोंबकळलेले, त्यामुळे पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. संध्याकाळी ती भुयारात उतरायची आणि जिन्याखालच्या शेवटच्या बाकावर बसून चार-पाच गाड्या सोडायची. सहावीत जरा श्वास घ्यायला जागा मिळायची. "दिवसभरात तेवढंच माझं माहेर," असं ती म्हणायची.

सुरुवात लांबच्या स्टेशनांपासून झाली. घरी त्याने एवढंच सांगितलं की दुरुस्त्या चालल्यात. पण आठवड्याभरात बायकोच बातमी घेऊन आली.

"पलीकडच्या स्टेशनांवरची बाकं गेली म्हणे. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हो हे? त्याच्या बुडाला गळू झालं असेल. स्वतःला बसवत नाही, म्हणून दुसऱ्यालाही बसू देत नाही."

फिटर हसला. पाणी पिऊन म्हणाला, "वरून आलं असेल."

"वरून पाऊसही येतो. पण तेव्हा छत्री तरी उघडता येते."

पुढच्या यादीत तिचं स्टेशन होतं, गुरुवारी दुपारी. बुधवारी तो हिय्या करून सुपरवायझरकडे गेला.

"साहेब, जिन्याखालचं एक ठेवू या. तिथे छत इतकं खाली आहे की माणूस उभाच राहू शकत नाही. ते काढून जागा वाढणार नाही."

"यादीत आहे ना? मग काढायचं. एक ठेवलं की सगळी स्टेशनं मागतील." सुपरवायझरने मान वर केली. "का रे, तुझं कोण बसतं तिथे?"

"कोणी नाही."

एवढं बोलून तो परत आला. बायको रोज सहाला येते, काम तीनपर्यंत उरकेल, आपण निघून गेलेलो असू. मग रात्री जेवताना सवडीने सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं.

गुरुवारी कारखान्यातली वीज गेली आणि बायकांना दोनलाच सोडलं.

फिटर गुडघ्यांवर बसून शेवटच्या बाकाचे बोल्ट काढत होता. दोन निघाले होते, दोन बाकी होते. सुपरवायझर अहवालासाठी मोबाइलवर फोटो काढत होता. पिवळ्या पट्टीपलीकडे येऊन थांबलेल्या चपला फिटरला आधी दिसल्या. सुजलेल्या पावलांत रुतलेले पट्टे. त्याने मान वर केली नाही.

"साहेब," बायको सुपरवायझरला म्हणाली, "दोन बोल्ट आहेत ना अजून? मग एक गाडी जाईपर्यंत बसू द्या. पाय उभे राहू देत नाहीत."

"बाई, काम चालू आहे. पडलात तर जबाबदार कोण?"

मग ती फिटरकडे वळली. ओळख दाखवली नाही, आवाजही चढवला नाही.

"मिस्त्री, तुम्ही सांगा. दोन बोल्टांवर माझं वजन पेलेल का?"

पेललं असतं. ते बोल्ट त्यानेच ठोकले होते, एकेक बोल्ट दोन माणसं सहज पेलणारा. सुपरवायझर मोबाइल खाली करून बघत होता.

"नाही पेलणार," फिटर म्हणाला.

"बरं."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. दुपार असूनही दोन गाड्या भरलेल्या आल्या. तिसरीने तिला कसंबसं आत घेतलं. तोवर फिटरने बोल्ट कापायचं यंत्र चालू ठेवलं होतं, म्हणजे काही ऐकू यायला नको.

"नीट बोललास," सुपरवायझर म्हणाला. "या लोकांना बोट दिलं की हात धरतात."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती उशीवर पाय ठेवून पडली होती. स्वयंपाक झालेला होता.

"अगं, माझ्या हातात काय होतं? हुकूम होता," त्याने सुरुवात केली.

"बाक काढलंत त्याचं काही नाही. पोटापाण्याचं आहे, ते मलाही कळतं. तो साहेब परका, तो नाहीच म्हणणार. पण तुम्हाला विचारलं होतं मी."

त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही. तो मात्र वाट बघत राहिला. भांडली असती तर बरं झालं असतं.

ती आणखी अकरा दिवस कामावर गेली. बाराव्या दिवशी गाडीत तिची शुद्ध हरपली. ती पडलीसुद्धा नाही, इतकी माणसं चारी बाजूंनी दाबून उभी होती. पुढच्या स्टेशनवर डबा थोडा रिकामा झाला तेव्हा खाली कोसळली आणि मग लोकांना कळलं. डॉक्टरांनी उभ्याने प्रवास बंद करायला सांगितलं. म्हणजे नोकरीच सुटली. आता कारखान्याचा माणूस कॉलरचे गठ्ठे घरी आणून टाकतो.

मुकादमाची जागा सुपरवायझरच्या मेहुण्याला मिळाली. वर्षअखेरीस एका दिवसातल्या प्रवाशांचा उच्चांक झाला, म्हणून सगळ्या कामगारांना एकेक स्टीलची बाटली वाटली. जिन्याखाली कुणी उभं राहत नाही. सफाईवाले तिथे बादल्या ठेवतात.

मग तक्रारी फार वाढल्या आणि नवा कागद आला. फलाटांवर कमरेच्या उंचीला दांड्या बसवायच्या, टेकण्यापुरत्या. हे कामही फिटरकडेच आलं. त्या दिवशी तो जरा लवकर घरी आला आणि दारातूनच म्हणाला,

"टेकायला दांड्या लावतोय आता. तुझ्या स्टेशनवर आधी लावून घेतल्या, मीच सांगितलं त्यांना."

"चांगलं केलंत." ती कॉलर उलटी करत होती.

"म्हणजे कधी जावंसं वाटलं तुला, तर—"

"मला कुठे जायचंय?"

तिने खुर्चीवरचा कॉलरचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला. "बसा," ती म्हणाली. "दिवसभर उभे असता."

तो बसला.