मागीलप्रमाणे

गाडीतल्या आरशाचा सगळा जीव एका गोळ्यात असतो. काच मोठी असो की लहान, तिच्या पाठीमागे गोटीएवढा एक गोळा असतो, तो एका वाटीत बसवलेला असतो आणि वाटीतली स्प्रिंग त्याला दाबून धरते. दाब जास्त झाला तर आरसा फिरवताना चालकाला दातओठ खावे लागतात. कमी झाला तर पहिल्याच खड्ड्यात आरसा मान टाकतो. दोन बोटांनी वळला पाहिजे आणि हजार धक्क्यांत हलता कामा नये, एवढी मधली जागा शोधायची. एकोणीस वर्षं तो हेच करत होता. कारखान्यात त्याला सगळे 'मिलीमीटर' म्हणत.

हे नाव ठेवलं जोडणी विभागाच्या फोरमननं. फोरमन त्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. मिलीमीटरला या कारखान्यात चिकटवलं त्यानंच, आणि वर्षातून दोनदा तरी चारचौघांत तो ते ऐकवायचा. "याला मी आणला तेव्हा याला फूटपट्टीची कुठली बाजू वर धरायची ते कळत नव्हतं." मिलीमीटर हसून सोडून द्यायचा. साडूचं बोलणं मनावर घेतलं तर जेवायला दोन घरं बंद होतात.

त्या वर्षी शाळेच्या व्हॅनसाठी नवे आरसे निघाले होते. या व्हॅनमध्ये आत दोन आरसे असतात. एक मोठा, मागचा रस्ता दाखवणारा. त्याच्यावर एक छोटा, मागच्या बाकांवरची पोरं दाखवणारा. ड्रॉइंगवर छोट्याचं नाव 'प्रवासी निरीक्षण आरसा' असं लांबलचक होतं. एवढं बोलायला वेळ कुणाला? सगळे त्याला नुसतं 'मागील' म्हणत. मिलीमीटरही म्हणायचा. "मागीलच्या वाट्या संपल्या", "मागीलची काच आली का", असं दिवसभर चालायचं.

नव्या मोठ्या आरशाची काच रुंद होती, वजन वाढलं होतं, म्हणून त्यानं स्प्रिंगही नवी काढली होती. ती वेळेवर आली नाही. गाड्या मात्र खोळंबून उभ्या राहिल्या. मागच्या मॉडेलची स्प्रिंग जरा जास्तच कडक होती, चालकांची तक्रार यायची, पण आरसा धरून ठेवायची. तेवढ्यापुरती तीच वापरावी असं त्यानं ठरवलं आणि मंगळवारी सकाळी बदलाची चिठ्ठी खाली पाठवली. 'मोठा आरसा. नवी स्प्रिंग येईपर्यंत स्प्रिंग मागीलप्रमाणे.' तपासणीच्या रकान्यात ताण किती असावा याचा आकडा लिहायचा असतो. तिथंही त्यानं लिहिलं, 'मागीलप्रमाणे.'

दहा मिनिटांत टेबलावरचा अंतर्गत फोन वाजला.

"मिलीमीटर, चिठ्ठी मिळाली. मागीलप्रमाणे म्हणजे आपलं मागीलच ना?"

त्याच्या एका डोळ्याला भिंग होतं आणि हातात वाटीचा नमुना. "मग काय पुढील? चष्मा बदला, साडूबुवा."

"तसं नाही रे. झेपेल ना त्याला?"

"चार वर्षं झेपतंय की!"

"बरं बाबा. शहाण्याला विचारलं की शिव्याच मिळायच्या." फोन ठेवला गेला.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यानं बायकोला ही गंमत सांगितली. फोरमनसारखा घसा बसवून त्यानं "आपलं मागीलच ना?" असं तीनदा म्हणून दाखवलं. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. "ताईला सांगू का?" ती म्हणाली. "नको गं, उगाच रुसतील," तो म्हणाला.

खाली छोट्या आरशाच्या स्प्रिंगा मोठ्या आरशांत बसत होत्या. दोन्ही मापानं सारख्याच, फक्त छोट्याच्या स्प्रिंगची तार बारीक, आणि ओळखायला तिच्यावर पिवळा ठिपका, मोठ्याच्या स्प्रिंगवर निळा. तपासनीस पन्नासातला एक आरसा काट्यावर ओढून बघायचा आणि चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे छोट्या आरशाच्या आकड्याशी ताडून बघायचा. आकडा जुळायचा. कुणीही कामचुकारपणा केला नाही. अकरा दिवसांत तीनशे बारा आरसे असेच बाहेर पडले. मग नवी स्प्रिंग आली आणि चिठ्ठी फायलीत गेली.

थंडी होती तोवर काही बिघडलं नाही. ऊन तापलं, बंद गाड्या भट्टीसारख्या झाल्या, वाटीतलं ग्रीस पातळ झालं, आणि रुंद काच हळूहळू खाली वाकू लागली.

एका दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी शाळेची एक व्हॅन पोरांना सोडून रिकामी परत येत होती. चालक बाई शेहेचाळीस वर्षांची, बावीस वर्षांत एकही दंड नसलेली. आरसा सकाळपासून खाली पडत होता. गॅरेजमध्ये ती दोनदा जाऊन आली होती, पण त्याला आवळायला स्क्रूच नाही म्हटल्यावर मेकॅनिक तरी काय आवळणार? वळणापाशी मागून ट्रकचा भोंगा वाजू लागला. ट्रक किती जवळ आहे ते बघायला तिनं डाव्या हातानं आरसा वर केला आणि तसाच धरून ठेवला. एका हातानं वळण घेतलं. रस्त्याच्या कडेनं एक पोस्टमन सायकल हातात धरून चालला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी तो दवाखान्यात वारला. पोलिसांना बाईनं एवढंच सांगितलं, "आरसा मान टाकत होता, हो. मी काय करू?"

आरसा उघडला गेला. आत पिवळा ठिपका निघाला. उरलेले आरसे परत मागवले. तीनशे बारापैकी दोनशे सत्त्याण्णव आले.

वाहन खात्याचा चौकशी अधिकारी कारखान्यात आला तेव्हा मॅनेजरनं मिलीमीटरला आधी बाजूला घेतलं. "कागद स्पष्ट आहे. विचारतील तेवढंच बोला. पाल्हाळ नको."

अधिकारी शांत माणूस होता. चिठ्ठी त्यानं टेबलावर सपाट केली. "मागीलप्रमाणे म्हणजे काय?"

"मागच्या मॉडेलप्रमाणे."

"तुमच्याकडे या शब्दाला दुसरा काही अर्थ आहे?"

मिलीमीटरनं क्षणभर विचार केला. "ड्रॉइंगवर नाही."

"फोरमन म्हणतात, त्यांनी तुम्हाला फोन करून विचारलं होतं."

इथवर दिलेली उत्तरं खरी होती, निदान कागदावर. आता मात्र कागद संपला होता. खाली किती जणांनी आपला फोन ऐकला असेल, याचा त्यानं हिशेब केला. जोडणीच्या यंत्रांच्या खडखडाटात कुणी काही ऐकणं शक्य नव्हतं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली.

अहवालात एकच ओळ कामाची होती. जोडणी विभागानं लेखी सूचनेचा चुकीचा अर्थ लावला. फोरमनला कामावरून काढलं आणि निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. बाईवर तो आधीच होता. आता आरोपी दोन झाले.

कपाटाच्या किल्ल्या द्यायला फोरमन वर आला तेव्हा ड्रॉइंगच्या खोलीत सहा माणसं होती. तो मिलीमीटरच्या टेबलापाशी थांबला.

"फोन आठवत नाही तुला?"

"साडूबुवा, इथं नको."

"इथंच आला होता फोन." त्यानं टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. "एकतीस वर्षांत मी न विचारता एक स्क्रू बदलला नाही. पोरं मला विचाऱ्या म्हणतात पाठीमागं, मला माहीत आहे." मग त्यानं किल्ल्या ठेवल्या, मोजून घ्या म्हणाला, आणि गेला.

घरी बायकोनं चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी ती ताईकडे जाऊन आली आणि पर्स खांद्यावरून न काढताच खुर्चीत बसली.

"भाऊजींचा वकील म्हणतो, फोन सिद्ध झाला तर ते सुटतील. नाहीतर दोन वर्षं."

त्यानं पेपरची घडी घातली.

"तुला आठवत नाही असं तू लिहून दिलंस?"

"अगं, इतकी कामं असतात. रोज वीस फोन..."

"तू नक्कल करून दाखवलीस मला. तीनदा." तिचा आवाज चढला नव्हता. "मला ठसका लागला. तूच पाणी आणून दिलंस."

"मी खरं सांगितलं तर मी आत जाईन, कळतंय का तुला?"

"कळतंय."

एवढंच म्हणून ती उठली. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं, मीठ कुठंय, बिल भरलं का, एवढंच. ताईचे फोन ती गॅलरीत जाऊन घेऊ लागली. तो आला की "ठेवते" म्हणायची.

आणखी तीन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, त्यानं रजा टाकली आणि वाहन खात्याच्या कार्यालयात गेला. बायकोला त्यानं सांगितलं तेव्हा तीही चप्पल घालून निघाली. बाहेरच्या बाकावर ती बसली, तो आत गेला.

"बसा," अधिकारी म्हणाला. "काय राहिलं?"

"फोन आला होता. फोरमननं विचारलं होतं. मागील म्हणजे मागीलच ना, असं. मी हो म्हणालो. आमच्याकडे छोट्या आरशाला सगळे मागील म्हणतात. मीही म्हणतो."

अधिकाऱ्यानं फाइल काढली, जुना जबाब काढला. "इथं आठवत नाही असं आहे."

"तेव्हाही आठवत होतं."

"मग?"

"घाबरलो."

"आता नाही घाबरत?"

"आताही घाबरतो."

अधिकारी पेन उघडून फायलीवर तारीख टाकू लागला. मग त्यानं सहज विचारलं, "फोरमन तुमचे कोण लागतात?"

"साडू."

पेन थांबलं. "हे तेव्हा बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"खरं आहे. नाही विचारलं." अधिकारी खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो माणसासारखा हसला. "समजतं हो. आम्हालाही घरदार आहे. दोघी बहिणी, एकीचा नवरा आत जाणार. घरात बोलणं बंद झालं असेल."

"झालंय. पण म्हणून मी..."

"फोनची नोंद?"

"अंतर्गत फोनची नोंद होत नाही."

"कुणी ऐकला?"

"माझ्या बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. बाहेर बसली आहे ती. ती जबाब देईल."

"कुणासाठी? बहिणीच्या नवऱ्यासाठी?" अधिकाऱ्यानं मान हलवली. "नका आणू त्यांना आत. उगाच खोट्यात पडतील."

"साहेब, मी खरं बोलतोय."

"दोन जबाब आहेत. एक तुम्ही नातं न सांगता दिलात, तुमचा काही फायदा-तोटा माझ्यासमोर नसताना. दुसरा गुन्हा दाखल झाल्यावर, साडू म्हणून. कोर्ट कुठला धरेल?" त्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "दुसऱ्याच्या गळ्यातला फास काढून आपल्या गळ्यात घालायला आलात. असा साडू सगळ्यांना मिळो."

मिलीमीटरनं पाण्याला हात लावला नाही. "तरी लिहून घ्या," तो म्हणाला.

"लिहून घ्यावंच लागतं." अधिकाऱ्यानं कोरा कागद घेतला. मिलीमीटरनं सांगितलं ते त्यानं शब्दन् शब्द लिहिलं, फोन, भिंग, हातातला नमुना, चार वर्षं झेपतंय ते वाक्यसुद्धा. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. एकही चूक नव्हती. मग समासात, लहान अक्षरांत, त्यानं शेरा लिहिला. 'जबाब देणार आरोपीचा जवळचा नातेवाईक. जबाब विश्वासार्ह नाही.'

"खाली सही करा. आणि शेऱ्याखालीही एक."

"शेऱ्याखाली कशाला?"

"वाचला म्हणून. नियम आहे."

त्यानं दोन्ही ठिकाणी सह्या केल्या. अधिकाऱ्यानं कागद फायलीत लावला, नाडी बांधली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.