उतरवलेल्या तारा

"अरे, हा तर मी!" दादा स्टेजवरच थबकला.

संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी स्पीकर तपासायचे म्हणून साउंडवाल्याने हौसेने त्यांच्या बँडची पहिली रेकॉर्ड लावली होती. रिकाम्या मैदानावर, दुपारच्या सुस्त उन्हात, तो तरुण आवाज कुठल्या कुठे चढत चालला होता.

दोघे सख्खे भाऊ. दादाने गायचं आणि धाकट्याने हार्ड रॉक गिटार वाजवायची, हे आईने दोघांना घरातून गॅरेजमध्ये हाकललं त्या दिवशीच ठरलं. पुढे गोदामं झाली, जहाजांचे डेक झाले, मैदानं झाली. धाकट्याचे केस कमरेपर्यंत आले आणि निघूनही गेले. कानात कायमची शिट्टी तेवढी राहिली. लोक त्याला वादळ म्हणायचे. पण हे वादळ कित्येक वर्षं एकच नाजूक काम करत होतं. दादाचा आवाज जसजसा उतरे, तसतशा तो गुपचूप सगळ्या तारा थोड्या सैल करी. बोटं त्याच जागी, गाणं तेच, फक्त सूर खाली. बेस गिटारवाला या कटात सामील होता. कार्यक्रम संपला की दादा घाम पुसत म्हणे, "आवाज अजून खणखणीत आहे हं आपला!" ते ऐकलं की धाकट्याला सगळं भरून पावल्यासारखं वाटे.

रेकॉर्ड संपली.

"तेच गाणं वाजव," दादा म्हणाला. "सुरुवात फक्त."

धाकट्याने वाजवली. सूर रेकॉर्डपेक्षा खाली होता; तेवढं पुरलं.

"कधीपासून?"

"तुझ्या घशाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून."

"म्हणजे इतकी वर्षं मला वेड्यात काढलंत!"

"वेड्यात नाही रे. तू किती खुशीत असायचास."

दादाने गिटारच्या तारांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "चढव तारा. होत्या तिथे."

"नको ना, दादा. ती वरच्या सुरातली ओळ नाही झेपायची तुला. लोकांसमोर उगाच..."

"मोठा कोण, तू की मी?"

संध्याकाळी मैदान भरलं. उजेड अजून रेंगाळत होता आणि त्यात माणसं पाण्याखाली असल्यासारखी संथ हलत होती. ताणलेल्या तारा बोटांत रुतत होत्या. धाकट्याला वाटलं, आपण अजून गॅरेजमध्येच आहोत, आई आता ओरडेल. दादा गात होता, फाटत, सावरत. ती ओळ जवळ आली तशी धाकट्याने मान खाली घातली. भावाची फजिती बघायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. स्टँडवरचा माइक काढून तो सावकाश मागे आला. गुडघ्यावर हात टेकत धाकट्याच्या गिटारच्या स्पीकरपुढे बसला आणि माइक त्या स्पीकरला लावून धरला.

"गा," तो म्हणाला.

धाकट्याने ती ओळ वाजवली. दादा डोळे मिटून, नुसते ओठ हलवत, शेवटच्या सुरापर्यंत माइक धरून बसला होता.