पुजलेला जनरेटर

माझी सून योगिता सुरत शहराच्या पूर्वेकडील एका सरकारी रुग्णालयात इमारत आणि यंत्रविभागाची सुपरवायझर आहे. सहा मजल्यांची इमारत, तिच्या लिफ्ट, पाण्याचे पंप, कपडे निर्जंतुक करणाऱ्या खोलीचा बॉयलर आणि तळघराशेजारचा जनरेटर, हे सर्व तिच्या देखरेखीखाली चालते. डॉक्टर आजार पाहतात. डॉक्टरांच्या डोक्यावरचा दिवा जळतो की नाही, हे योगिता पाहते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिची परिवीक्षेची दोन वर्षे संपून ती कायम होणार होती. त्या नेमणुकीवर आमच्या घराचे लक्ष होते आणि माझे सर्वांत अधिक, कारण लग्नानंतर तिने नोकरी करावी हा निर्णय माझा होता.

सुरतच्याच गोडादरा भागात आमचे चोवीस यंत्रमाग होते. यजमान गेल्यावर अठरा वर्षे ते मी चालवले. खंडेनवमीचा आमच्याकडे एक शिरस्ता होता. दुपारी मेन स्विच खाली ओढायचा, मागांना हळदकुंकू लावायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा; त्यानंतर दसऱ्याची सकाळ होईपर्यंत पुजलेल्या यंत्राला कोणी हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवसाची विश्रांती मिळावी, एवढाच त्यामागचा भाव. धुळ्या-नंदुरबारहून आलेल्या आमच्या कारागिरांना हे कधी शिकवावे लागले नाही. रघुनाथ त्यांपैकीच एक. आमचे माग विकले गेल्यावर तो रुग्णालयात जनरेटरवर ऑपरेटर म्हणून लागला, आणि पुढे योगिता तिथे साहेब म्हणून आली.

त्या खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेसाठी रघुनाथने मला आग्रहाने बोलावले. मी गेले. जनरेटर स्वच्छ पुसलेला होता. पूजा मीच सांगितली. योगिताने आरती केली, इतक्यात गच्चीवरचा पंप पाणी ओढत नाही असा निरोप आला आणि ती वर गेली. नारळ फोडून झाल्यावर रघुनाथ पॅनेलसमोर उभा राहून माझ्याकडे पाहू लागला. पॅनेलवर एक फिरवायचे बटण असते. ते ‘ऑटो’वर असेल तर वीज जाताच दहा सेकंदांत जनरेटर स्वतः सुरू होतो.

“राहू देऊ का असंच, बाई?” त्याने विचारले.

“पुजलेलं यंत्र चालू ठेवतात का, रघुनाथ? इतक्या वर्षांत हेच शिकलास?”

तो ओशाळून हसला आणि त्याने बटण ‘बंद’वर नेले. मग प्रसादाचे ताट घेऊन तो वॉर्डांकडे गेला. योगिता गच्चीवरून खाली आली, मला रिक्षात बसवले आणि कामाला लागली.

साडेतीनच्या सुमारास कुठेतरी तारांवर झाड पडले आणि त्या भागाची वीज गेली. जनरेटर सुरू झाला नाही. योगिता तेव्हा सहाव्या मजल्यावर होती. लिफ्ट मधेच अडकली होती आणि तिच्यात बाळंतपणासाठी आणलेली एक बाई होती. योगिता जिन्याने धावत खाली आली, माळ बाजूला सारून तिने बटण फिरवले. सहा मिनिटे गेली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीतली यंत्रे स्वतःच्या बॅटरीवर तगली. नवजात बालकांच्या विभागात दोन बाळांना परिचारिकांनी हाताने पिशवी दाबून श्वास दिला. कोणाला इजा झाली नाही. लिफ्टमधल्या बाईला मुलगी झाली, तीही सुखरूप.

हे सर्व मला संध्याकाळी योगिताने सांगितले, आवाज न चढवता. रघुनाथही मागोमाग घरी आला. चौकशीत बटण आपणच आपल्या मनाने फिरवले असे सांगायचे त्याने ठरवले होते. त्याच्या नोकरीची दोनच वर्षे उरली होती. ताईंची, म्हणजे योगिताची, नोकरी आत्ता कुठे सुरू होत होती. माझ्या मुलाला, ललितला, हा मार्ग पटला. त्याने तसे बोलूनही दाखवले. योगिताने सासऱ्यांच्या तसबिरीखालच्या खुर्चीवर बसून सर्वांचे ऐकून घेतले आणि नोंदवही आधीच लिहून झाल्याचे सांगितले. तिची प्रत तिने माझ्या हातात दिली.

त्यात वेळा होत्या, बटणाची स्थिती होती, माझे नाव होते. शेवटी एक वाक्य होते: पॅनेलला कोणीही हात लावल्यानंतर सुपरवायझरने ते स्वतः तपासावे असा नियम असताना, घरातील वडीलधारी व्यक्ती उपस्थित असल्याने संकोचापोटी मी तपासणी केली नाही.

मला ती रिक्षापर्यंत सोडायला आली होती, तेव्हा जनरेटरच्या खोलीवरूनच आम्ही गेलो होतो. आत डोकावणे म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवणे, असे तिला वाटले. तिला तसे वागायला मीच शिकवले होते.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी चौकशी झाली. अधिकारी सुरतचेच होते, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, बोलायला अदबशीर. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले. योगिता आणि रघुनाथ भिंतीशी उभे होते. अधिकाऱ्यांनी नोंदवही बाजूला सारली आणि मला गुजरातीत विचारले, “बा, तमने खबर नहोती ने?”

ते बटण कशाचे, हे तुम्हाला ठाऊक नव्हते ना, असा प्रश्न. तो त्यांनी दयेपोटी विचारला होता. एका वृद्ध बाईने अजाणता काहीतरी सांगितले, ऑपरेटरने मान राखला, एवढे कागदावर आले की प्रकरण समज देऊन मिटले असते आणि योगिता दिवाळीनंतर कायम झाली असती. मला फक्त मान हलवायची होती. भिंतीशी उभ्या असलेल्या रघुनाथने माझ्यादेखत डोळे मिटून घेतले.

मी योगिताकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती नोंदवहीकडे पाहत होती.

“खबर होती,” मी म्हणाले. “चोवीस मागांचं पॅनेल मी अठरा वर्षं सांभाळलं आहे. बंद म्हणजे बंद, हे मला समजतं. त्या दिवशी वीज जाणार नाही असं मी धरून चालले. मी सांगितलं की रघुनाथ करतो, हेही मला ठाऊक होतं.”

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. त्यांनी आणखी दोनदा विचारले आणि मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिले. मग त्यांनी माझी सही घेतली.

निकाल पंधरा दिवसांनी आला. रघुनाथला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. योगिताची परिवीक्षा एक वर्षाने वाढवली गेली. ललित तीन दिवस माझ्याशी मोजके बोलला. ज्या दिवशी कागद आला त्या संध्याकाळी योगिता पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

“मान हलवली असती तर तू कायम झाली असतीस,” मी म्हणाले.

“हो, आई.”

“मग?”

“मग माझी नोंदवही खोटी ठरली असती. वर्ष काय, जाईल.” तिने पोळी तव्यावर टाकली. “पण पुढच्या नवमीला तुम्ही आलात, तर मी तुमच्यासमोर बटण तपासणार. रागावायचं नाही.”

मी रागावणार नाही असे आश्वासन दिले नाही. तपासलेच पाहिजे, असे सांगितले.

त्यानंतर तिने जनरेटरच्या खोलीत लावण्यासाठी एक सूचना तयार केली. रुग्णालयातील यंत्राला विश्रांती नसते, पूजेच्या वेळीही बटण ‘ऑटो’वरच राहील, माळ पॅनेलऐवजी दारावर बांधावी, असा तिचा मजकूर. गुजराती तिने कार्यालयातून लिहून घेतला आणि मराठी मला तपासायला दिला. भाषा चांगली होती. एका ठिकाणी ‘बाहेरील व्यक्तीच्या सांगण्यावरून ऑपरेटरने बटण फिरवू नये’ असे होते. मी पेन मागून घेतले आणि ‘बाहेरील व्यक्तीच्या’ या शब्दांपुढे लिहिले: ‘किंवा सुपरवायझरच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या’.

योगिताने ते वाचले आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तसाच टंकलिखित होऊन भिंतीवर लागला.