मधल्या खोलीतली सकाळ

घर तीन खोल्यांचं होतं, आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. पुढच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी, मागे स्वयंपाकघराला अंगणाकडे खिडकी, आणि मधल्या खोलीला काहीच नाही. झोपायची खोली तीच. दिवा बंद केला की दुपारी बारालासुद्धा आपला हात आपल्याला दिसायचा नाही.

नवऱ्याला दुकानात सगळे रंगमास्तर म्हणायचे. भिंतीच्या रंगांच्या दुकानात तो तीस वर्षं छटा जुळवून देत होता. कुणी पडद्याचा तुकडा आणायचं, कुणी जुन्या दाराचा टवका. दुकानात आता यंत्र आलं होतं, पण यंत्राने काढलेली छटासुद्धा तो उजेडात नेऊन तिरप्या नजरेने बघायचा आणि म्हणायचा, "यात किंचित हिरवा जास्त झालाय." तसा तो झालेला असायचाच. संशय घेणं हेच त्याचं काम होतं, आणि काम घरी न्यायची त्याला सवय होती.

सहा वर्षं त्याला धड झोप नव्हती. कूस बदलायची, उठून पाणी प्यायचं, परत येऊन बायकोला हळूच विचारायचं, "झोपलीस का गं?" ती झोपलेली असली तरी त्या प्रश्नाने उठायची. ती एका दंतवैद्याकडे स्वागतकक्षात बसायची आणि दिवसभर दुखऱ्या दाढांशी गोड बोलायची. रात्री नवऱ्याशी गोड बोलायला तिच्यात फारसं काही उरत नसे.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून द्यायच्या आधी खोलीची चौकशी केली. खिडकी नाही म्हटल्यावर म्हणाले, "तुमच्या शरीराला सकाळ कधी झाली ते कळतच नाही. सकाळी भरपूर उजेड द्या, संध्याकाळी मंद करा. आणि आधी खोलीतलं घड्याळ बाहेर काढा. तुम्ही झोपत नाही, घड्याळ बघत बसता."

बायकोच्या थोरल्या बहिणीचा मुलगा नाटकांच्या प्रकाशयोजना करायचा. तिशीतला, दाढीवाला, हसतमुख. मावशीचा फोन आल्यावर तो शनिवारी हत्यारं घेऊन आला आणि मधल्या खोलीच्या भिंतीवर त्याने खिडकी बसवली. खरी चौकट, दुधी काचेसारखा प्लॅस्टिकचा पत्रा, मागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या, वर पांढरा झिरझिरीत पडदा. पहाटे साडेपाचला पत्रा काळसर निळा व्हायचा, मग राखाडी, मग फिकट गुलाबी, आणि सहाला खोली लख्ख. रात्री आठनंतर तोच उजेड पिवळा, नारिंगी होत दहापर्यंत विझायचा.

"गुलाबी जरा जास्त आहे," रंगमास्तर म्हणाला.

"काका, नाटकात याच गुलाबीवर लोकांनी टाळ्या दिल्यात," भाचा म्हणाला. पण त्याने गुलाबी कमी केला.

चौथ्या रात्री रंगमास्तर सात तास झोपला. पंधरा दिवसांत त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली. दुकानातल्या पोऱ्यांवर ओरडणं कमी झालं. बायकोचाही चेहरा उजळला. एवढं सगळं चांगलं झाल्यावर दुसरा कुणी माणूस स्वस्थ बसला असता.

दीड महिन्याने एका सकाळी तो उठला तेव्हा पत्रा नुकताच गुलाबी होत होता. त्याला तहान लागली म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. तिथे फरशीवर ऊन पडलं होतं. पिवळं, चांगलं तापलेलं ऊन. तो हातात पेला धरून उभाच राहिला. मागे खोलीत पहाट आणि इथे सकाळ. मधे फक्त एक दार.

पुढच्या खोलीतल्या घड्याळात सात वाजायला दहा मिनिटं होती.

"अगं, ती खिडकी मागे पडलीय," तो म्हणाला.

बायको चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही. "दिवस लहान होतायत ना हल्ली. त्या खिडकीतही तसंच होत असेल."

"तासाभराने?"

"मला काय विचारता? मी काय सूर्य आहे?"

ती हसली, तोही हसला. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. बाजारातून घेतलेल्या डब्यावरची छटा आणि आतला रंग यांत फरक दिसला की त्याला जसं व्हायचं, अगदी तसंच.

त्याने दुकानातून भाच्याला फोन लावला. भाच्याने आधी नीट उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "काका, वेळ बदलायचं बटण मावशीच्या फोनवर आहे. तुम्ही मावशीलाच विचारा."

"म्हणजे तिने बदललीय?"

"मी तालमीत आहे, नंतर बोलतो," म्हणून भाच्याने फोन ठेवला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. रंगमास्तर आता डोळ्यांत तेल घालून बघू लागला. बायको सकाळी तो उठायच्या आधीच अंघोळ करून तयार असायची. पूर्वी तिला सातपर्यंत अंथरूण सुटत नसे. दाराशी तिच्या सपाता ओल्या असायच्या. मागच्या अंगणात दोरीवर टॉवेल वाळत असायचा आणि त्याच्यामागे आणखी काहीतरी, टॉवेलने मुद्दाम झाकल्यासारखं. तो बघायला गेला की ती आधी जाऊन कपडे काढून आणायची. आणि तिच्या हातांना एक वास यायचा. उग्र, दवाखान्यातल्या धुतलेल्या फरशीसारखा.

त्या वासाने तो हबकला. ती आजारी आहे आणि लपवतेय, हे त्याच्या मनात आधी आलं. रोज पहाटे कुठल्या तरी दवाखान्यात जाऊन काही टोचून घेत असेल. एक दिवस असा भीतीत गेला. मग दुसरा विचार आला, आणि तो आल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार काही जाईना. आजारी बाई भांडी घासताना गुणगुणते का? आजारी बाई नवीन पिशवी घेते का? दंतवैद्य विधुर होता, त्याचे दात पांढरे होते.

त्याने दंतवैद्याकडे फोन करून, आवाज बदलून विचारलं, "सकाळी सहाला कुणी असतं का हो?"

"नऊला उघडतो," पलीकडून बायकोच म्हणाली. "आणि घसा बसलाय का तुमचा? येताना खडीसाखर घेऊन या."

त्याने फोन खाली ठेवला.

आता तिच्या मागे जाऊन बघणं एवढंच उरलं होतं. पण अडचण अशी की तो झोपायचा. सहा वर्षं झोपेसाठी तळमळलेल्या माणसाला आता पहाटे जाग येत नव्हती. गजर लावला तर तिलाही ऐकू जाणार. शेवटी एका रात्री तो झोपायच्या आधी तीन मोठे पेले पाणी प्यायला.

"एवढं पाणी?" तिने विचारलं.

"खडीसाखर खाल्ली ना, तहान लागलीय."

पाण्याने काम केलं. पहाटे त्याला जाग आली तेव्हा खोली काळीकुट्ट होती. तो डोळे मिटून, पोट आवळून पडून राहिला. थोड्या वेळाने पलंग हलला. ती उठली. तिची पावलं दारापर्यंत गेली आणि परत आली. मग त्याच्या चेहऱ्याजवळ तिचा श्वास जाणवला. ती वाकून त्याचा श्वास ऐकत होती. तो झोपला आहे ना, याची खात्री करून घेत होती.

"हं," ती स्वतःशीच म्हणाली आणि गेली.

पुढे काहीही निघालं असतं तरी त्याला त्या एका 'हं'इतकं लागलं नसतं.

तिने बाहेरची कडी हळूच लावल्यावर तो उठला. मोरीत जाऊन आला, शर्टाची बटणं खालीवर लावली आणि मागच्या दाराने बाहेर पडला. रस्त्यावर उजेड नुकता फुटत होता. ती पन्नास पावलं पुढे होती, खांद्यावर नवीन पिशवी, चाल भरभर. तो भिंतींच्या कडेने चालला. औषधांच्या बंद दुकानापाशी एक माणूस तिची वाट बघत असल्यासारखा उभा होता. उंच, गळ्यात दोरी. त्याने हात वर केला. तिनेही केला. दोघं मिळून एका मोठ्या लोखंडी फाटकात शिरली.

परत जावं असं रंगमास्तरला वाटलं. जे कळेल ते न कळलेलं बरं, असंही वाटलं. तरी पंधरा मिनिटं फाटकाबाहेर घुटमळून तो आत गेला, एक जिना चढून सज्जात आला, आणि खाली निळंशार पाणी बघून थबकला.

तरणतलाव होता. तोच उग्र वास नाकात घुसला. गळ्यात दोरी असलेला माणूस त्या दोरीला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा सावरत उरलेले दिवे लावत होता. तो तिथला रखवालदार होता. उथळ बाजूला सात-आठ बाया पाण्यात उभ्या होत्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावर रबरी टोप्या. काठावर शिट्टी घेऊन एक ठेंगणी शिक्षिका उभी होती.

"कठडा सोडा," शिक्षिका म्हणाली.

"सोडते म्हटलं ना, घाई काय आहे?" हा बायकोचा आवाज होता.

"तीन आठवडे सोडतेच म्हणताय."

बायकोने कठडा सोडला. हात पसरले, पाठीवर रेलली. एक क्षण ती पाण्यावर खरंच तरंगली, पांढरे पाय वर, डोळे छताकडे. मग तिचं डोकं पाण्याखाली गेलं.

"अगं!" रंगमास्तर ओरडला.

त्या रिकाम्या इमारतीत तो आवाज चारही भिंतींवर आपटून आला. सगळ्या टोप्या वर वळल्या. बायको धडपडत उभी राहिली, नाकातोंडात पाणी, खोकत. तिने वर बघितलं. चुकीची बटणं लावलेला नवरा सज्जाच्या कठड्यावरून अर्धा पुढे वाकला होता.

घरी आल्यावर तिने ओली पिशवी टेबलावर आपटली.

"माझ्या मागे आलात तुम्ही."

"तू माझा श्वास ऐकत होतीस."

"मग काय करू? तुम्ही जागे असतात तर मी गेले असते का? सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याबरोबर आला असतात. पाण्यात औषध किती घातलंय ते विचारलं असतंत. त्या बाईंना कुणी शिकवलं ते विचारलं असतंत. मला पाण्याची भीती वाटते हो. त्रेपन्नाव्या वर्षी मी कठडा धरून उभी असते, लहान पोरीसारखी. ते मला तुमच्यासमोर करायचं नव्हतं."

"म्हणून माझी सकाळ पुढे ढकललीस?"

"हो." तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "सहा वर्षं माझ्या रात्री तुमच्या होत्या. त्यातला एक तास मी परत घेतला. तुमचं काय कमी झालं? तुम्ही झोपलात की छान."

तो खुर्चीवर बसला. "मला वाटलं तू आजारी आहेस."

तिचा आवाज जरा खाली आला. "अहो, विचारायचं की मग."

"वास येत होता."

"आणि? आणखी काय वाटलं?"

तो शर्टाची बटणं सोडवून नीट लावू लागला. तिच्या लक्षात आलं.

"तो फोन," ती म्हणाली. "म्हणून केलात तो फोन?" तिला आधी हसू आलं, मोठं, आवरेना असं. आणि मग अचानक आवरलं. "तीस वर्षांचा संसार," एवढंच बोलून ती कामावर जायला निघाली.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि तलावावरही गेली नाही. त्याची झोप पुन्हा उडाली, पण या वेळी त्याने कूस बदलली नाही. कारण पलीकडे तीही जागी होती आणि आता तीच त्याच्याकडे कान देऊन होती, हा पुन्हा उठून माझ्या मागे येईल का म्हणून. ते त्याला अंधारात स्पष्ट कळत होतं. संशय घेणं त्याला ठाऊक होतं. आपला कुणी संशय घेणं कसं असतं, ते तो पहिल्यांदाच बघत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा आला, चोरासारखा. "काका, चूक माझीही आहे. त्या खिडकीचं बटण मी तुमच्या फोनवर टाकून देतो, मावशीच्या फोनवरून काढतो."

"नको," रंगमास्तर म्हणाला. "तिच्याकडेच राहू दे."

स्वयंपाकघरात विळी चालायची थांबली.

"नक्की?" भाच्याने विचारलं.

"तिला हवी तेव्हा सकाळ करू दे. मला सातला उठलं तरी चालतं, दुकान दहाला उघडतं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. तो जागा होता, आणि जागा असल्याचं लपवलं नाही. "कडी नीट लाव," एवढंच म्हणाला. मनातून तो तिच्या मागोमाग त्या रस्त्याने, औषधांच्या दुकानापर्यंत, फाटकापर्यंत गेलाच. पण पलंगावरून पाय खाली टेकवले नाहीत. हे त्याला रोज करावं लागलं आणि रोज ते तितकंच कठीण गेलं. तलावाबद्दल काही विचारायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. ती आपणहून सांगत नव्हती.

असे दोन महिने गेले. एका रविवारी ती फोनवर थोरल्या बहिणीशी बोलत होती आणि तो शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होता. "हो गं ताई, या टोकापासून त्या टोकापर्यंत," ती म्हणाली. "नाही, मधे थांबले नाही." त्याने पान उलटलं. पुढच्या पानावर काय छापलं होतं ते त्याला दिसत नव्हतं.

तिने फोन ठेवला. मग ती त्याच्याकडे वळली.

"पंचवीस मीटर," ती म्हणाली.

त्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. "खोल पाण्यात?"

"खोल पाण्यात."