पेटीतला तलाव

"हे बी उपडं करा लागन उद्या," असं म्हणून रुखमाबाईने झाडूच्या मुठीने काचेवर टकटक केलं. आतल्या बारक्या मासोळ्या दचकल्या आणि हिरव्या पात्यांच्या गर्दीत शिरल्या.

लटारू नुकताच लाकडाच्या डेपोतून आला होता. अंगावरचा भुसा झटकता झटकता त्याने हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. दोन बायांच्या घरात ही कला त्याला रंध्याइतकीच उपयोगी पडत आली होती. पण दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, आणि आज म्हातारी सोडणार नव्हती.

"तुले सांगून राह्यली मी, लटारू. उद्या सकाळी गिरान आहे. गिरान सुटलं का घरातलं भरलेलं पानी फेका लागते. माठ, घागर, बादली, आन हे पेटी बी."

"माय, हे भांडं नोय."

"मंग काय आहे? तुनंच पानी भरलं ना याच्यात?"

"तुळशीचं पान टाकू."

"तुळस दुधात टाकतेत, लोनच्यात टाकतेत. हे पानी का पेतेस तू?"

त्याने खाटेकडे पाहिलं. त्याची बायको वच्छला कुशीवर पडून पेटीकडेच बघत होती.

वच्छला सिंदेवाहीकडची, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच वाढलेली, मासेमार ढिवराची पोर. चालायच्या आधी पोहायला शिकली, असं तिचे वडील कौतुकाने सांगायचे. लग्न होऊन ती बल्लारपूरला आली आणि थोड्याच वर्षांत एका तापाने तिच्या कमरेखालून वारं गेलं. डॉक्टर झाले, जडीबुटी झाली, अंगारा झाला. मग खाट खिडकीशी लागली ती कायमचीच. खिडकीतून दिसायची ती शेजारच्या देवाजीच्या घराची कुडाची भिंत. वच्छलेने कधी कुरकुर केली नाही, आणि लटारूला त्याचीच जास्त धास्ती वाटायची. रडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते. दिवसभर भिंतीकडे बघणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं.

एकदा तो तिच्या माहेरच्या गावी निघाला तेव्हा तिने एवढंच मागितलं होतं, "येतानी तलावातला चिला आनजा मूठभर."

चिला म्हणजे तलावाच्या तळाशी रुजणारी, फितीसारखी लांब हिरवी पाती. त्याने ती पळसाच्या पानांत ओलीच गुंडाळून आणली आणि बादलीत सोडली. वच्छला खाटेच्या काठावरून मान वाकवून बादलीत बघू लागली. मान अवघडली तरी बघतच राहिली. त्या दिवशी लटारूच्या डोक्यात किडा वळवळला.

किड्याला वाट सापडली ती अहेरीकडे, जंगलातल्या एका बंगल्यात. लटारू जातीने ढिवर असला तरी त्याचा हात लाकडात बसलेला होता, आणि बंगल्याच्या खिडक्या दुरुस्त करायला त्याला बोलावलं होतं. मागच्या पडवीत लोखंडी चौकटीची एक काचेची पेटी पडली होती. एक बाजू तडकलेली, आत कोंबडीने घर केलेलं. चौकीदार बिरजूने सांगितलं, "जुने साहेब याच्यात मासे पोसत होते."

"खाले?"

"नाई गा. पाहाले."

नव्या साहेबाने खुशाल ने म्हणून सांगितलं. कोंबडीची समजूत घालून लटारूने पेटी उचलली आणि सागवानाच्या ट्रकवर, लोकांनी लेकरू घ्यावं तशी मांडीवर घेऊन बल्लारपूरला आणली.

तडकलेल्या काचेच्या जागी त्याने खिडकीची जाड काच बसवली. जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून सांधे भरले. पाणी भरलं, नदीतल्या चार मासोळ्या सोडल्या आणि मोठ्या ऐटीत बायकोसमोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मासोळ्या उलट्या, पोट वर. पाण्यावर तेलाचा तवंग.

"पेटीले पहिले पानी पिऊ द्या," वच्छला म्हणाली. "भरा आन फेका. वास जाईपर्यंत."

वास गेला. मग त्याने नदीची रेती आणली आणि पांढरी शुभ्र होईस्तोवर धुतली. त्या रेतीत चिला रोवला. चिला पिवळा पडला, मग काळा. हे बघून वच्छला कितीतरी दिवसांनी हसली.

"तुमी तं रेती तांदुळावानी धुतली. आता चिला खाईन काय? खाली तलावाचा गाळ टाका. वर जाडी रेती, म्हंजे गाळ उठत नाई."

तिथून पुढे लटारू फक्त हमाल राहिला. तलाव केला तो वच्छलेने. त्याने खाटेच्या उंचीचं टेबल ठोकून दिलं आणि बांबूच्या दोन लांब कामट्या टोकाला चिरून दिल्या. कुशीवर वळून, एका कोपरावर भार देऊन, ती त्या कामटीच्या चिमट्यात एकेक रोप धरायची आणि रेतीत रोवायची. मूळ आत, कोंब बाहेर. उंच पाती मागे, बारीक गवतासारखी पुढे, मधे मासोळ्यांना फिरायला अंगण. रोपं लागल्यावर तिने रेतीवर पळसाचं पान ठेवायला लावलं आणि त्या पानावर धार धरून हळूहळू पाणी भरायला लावलं. मग पुष्कळ दिवस काहीच करू दिलं नाही.

"आता?" लटारू रोज विचारायचा.

"पानी बसून राह्यलं. बसू द्या."

पाणी बसलं. आधी गढूळ होतं ते हिरवट झालं, आणि एका सकाळी इतकं निवळलं की पेटीत पाणी आहे की नाही, असं वाटावं. खिडकीतून ऊन पडलं की पात्यांवर मोत्यासारखे बुडबुडे धरायचे. चिल्याने रेतीखालून दोरे सोडले आणि दोऱ्यादोऱ्यावर नव्या रोपांची पिल्लं धरली. मग तिने मासोळ्या मागवल्या. खवल्यांच्या, बोटाएवढ्या, खाण्याच्या कामाच्या नाहीत अशा. लटारूने जन्मभर लाकडाच्या वस्तू केल्या, पण केलेली वस्तू नंतर आपोआप वाढत जाते, हे त्याने पहिल्यांदाच बघितलं. त्याला बायकोचा असा अभिमान वाटायचा की डेपोत कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा.

मोहल्ल्यातल्या बाया बघायला येऊ लागल्या. येणाऱ्या खाटेवर बसायच्या, बोलायच्या. वच्छला आता भिंतीकडे बघेना. देवाजी म्हणायचा, "ढिवराच्या घरी मासे पेन्शन खाऊन राह्यले." सगळे त्याला 'वच्छलेचा तलाव' म्हणू लागले. एकटी रुखमाबाई 'पेटी' म्हणायची. उमर तिची बाजारात मासे विकण्यात गेलेली. न खायचे मासे पाळणं तिला वेडेपणा वाटायचा. तिने पेटीकडे कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

आणि तीच आता म्हणत होती, उपडं करा.

लटारूने आईला झटकून टाकलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते त्याच्याच्याने होईना. वच्छलेला रोज उठवणारी, धुणारी, कूस बदलून देणारी, तिची वेणी घालणारी हीच म्हातारी होती. पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती तिने.

आई अंगणात गेल्यावर तो खाटेशी बसला. "नवं पानी भरू मंग."

"नव्या पान्यात हे जगत नाई. गाळ उठन, चिला सडन. साल लागलं हे पानी बसाले."

"मंग मी मायले नाई म्हनतो."

"नोका म्हनू." ती पेटीकडे बघतच बोलत होती. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्यानं माह्यासाठी काय नाई केलं? त्यायनं आजपर्यंत काई मांगलं का मले? फेका. पहिले मासोळ्या तेवढ्या नदीत सोडजा."

लटारू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती रडत नव्हती. तिची नजर पेटीवरून सरकून खिडकीबाहेरच्या भिंतीवर गेली होती.

सकाळी ग्रहण लागलं. दारं-खिडक्या बंद झाल्या. ग्रहणात खायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. कामाची सवय असलेल्या रुखमाबाईच्या हातांना करायला काही उरलं नाही. ती सुनेच्या खाटेशी स्टूल घेऊन बसली. फटीतून आलेला एक कवडसा नेमका पेटीत पडला होता. दुसरं बघण्यासारखं घरात काही नव्हतं, म्हणून ती तिथे बघू लागली. बघता बघता पुढे वाकली.

"वच्छला," ती दबक्या आवाजात म्हणाली, "ते चिल्यात बसली ते मासोळी पाह्य व. पोट काऊन फुगलं तिचं?"

"पोटुशी आहे, आत्या. पान्या-पावसात अंडे देते ते."

रुखमाबाईने अशा गाभोळीच्या मासोळ्या जन्मभर विकल्या होत्या, आणि चार पैसे जास्तच घेतले होते. पण ग्रहणात पोटुशी बाई कशी हालचाल न करता बसते, तेही तिने जन्मभर पाहिलं होतं. मासोळी पात्यांच्या आडोशाला स्थिर होती. फक्त कल्ले हलत होते.

"गिरानात तिले कोनी धक्का लावू नोका," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटली, "काल म्या टकटक केलं." मग तिने स्टूल आवाज न करता जरासं मागे घेतलं.

"सुटलं गा, सुटलं," देवाजी बाहेरून ओरडला. दारं उघडली. रुखमाबाईने पदर खोचला. माठ उपडा झाला, घागर झाली, बादली झाली, कोंबड्यांची कुंडीसुद्धा राहिली नाही. गल्लीतल्या बाया आंघोळीला नदीकडे निघाल्या होत्या. लटारूने जड हाताने रिकामी बादली उचलली आणि पेटीशी येऊन टमरेल पाण्यात घालणार, तोच आई आत आली.

"तू काऊन हात घालून राह्यला तिथी?"

"तुनंच सांगतलं ना."

त्याला बाजूला सारून रुखमाबाई पेटीसमोर उभी राहिली. वाकून तिने बोटांची टोकं पाण्याला लावली आणि ती बोटं कपाळाला लावली. लटारूने लहानपणापासून आईला असं करताना पाहिलं होतं. तलावाच्या पाण्यात पाय टाकण्याआधी, पाळीवर उभं राहून.

मग तिने जपून, मासोळ्यांना लांब ठेवून, ओंजळ भरली आणि ती वच्छलेच्या डोक्यावर सोडली.

"बाकीच्या बाया नदीवर चालल्या," ती म्हणाली. "तू इथीच कर आंघोळ. तलावातच."

पाणी वच्छलेच्या केसांतून, कानांवरून उशीवर उतरलं. चिल्याचं एक बारीक पान तिच्या कानशिलाला चिकटून राहिलं. लटारूने ते काढायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली.

रुखमाबाईने सुकं लुगडं खांद्यावर टाकलं आणि नदीवर निघाली. जाताना तिने दार ओढलं ते अगदी आस्ते, आतल्या कुणाला दचकायला होऊ नये म्हणून.