घंटी कुणी दिली

एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला.

डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. बन्सीनं झकास गोल काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले.

देवगावला एसटीतून उतरणाऱ्या द्वारकाबाईच्या पायात नवीकोरी चप्पल होती.

"अण्णा, काच वर घ्या, एसी चालूय."

काच वर घेणं बन्सीला जमेना. बटण दाबायचं की ओढायचं, तेच हाताला आठवेना. शेवटी शिवराजनं, त्याच्या मुलानं, स्टिअरिंगवरून नजर न काढता ती पुढूनच लावली. पडेगाव मागं पडलं होतं. बन्सीशेजारी चतुराबाई, त्याची बायको, मांडीवर दशम्यांचा डबा घट्ट धरून बसली होती. पुढं सून मंजुषा.

चौघं निघाले होते तोरणमाळला, सातपुड्याच्या डोंगरात, फारूखकडे. फारूख म्हणजे बन्सीच्या लाल गाडीवरचा कंडक्टर, त्याचा 'मास्तर'. नऊ वर्षं दोघांनी एक बस हाकली, एका डब्यात जेवले. आता तो मुलाकडं राहत होता. मुलगा, फरदीन, तिथल्या आश्रमशाळेत शिकवायचा.

घरच्यांच्या लेखी ही सहल होती. बन्सीच्या लेखी एक वाक्य पोचवायची फेरी होती : मास्तर, त्या दिवशी तू घंटी दिलीच नव्हतीस, गाडी मीच काढली. एकोणतीस वर्षांत हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली होती. ही गळायच्या आत पोचायला हवं होतं.

वेरूळ. थांबा. मंजुषाला चहा हवा होता.

"चहाला कशाला थांबायचं? थर्मास हाय की," बन्सी म्हणाला.

"तुमचं काय," चतुराबाई म्हणाली, "उभ्या जल्मात बसून चहा प्याले नाय. बशीत वतला, एक घोट, की चालले स्टार्टर मारायला."

"अण्णा, टायमिंग गाठायचं नाय आपल्याला," शिवराज हसला. "कुणी लाल शेरा मारत नाय."

बन्सी गाडीपाशीच राहिला. दोनदा उतरला, दोनदा चढला. सगळे परत आले, चतुराबाईचा एक पाय अजून बाहेर होता आणि शिवराजनं गाडी चालू केली.

"थांब!"

बन्सी असा ओरडला की टपरीवाल्याच्या हातातला चहा सांडला.

"म्हातारी बसली का ते बघितलंस? बघितलंस का?"

"ब्रेकवर पाय हाय, अण्णा! गाडी हललीय का जराशी तरी?"

"बसले की मी," चतुराबाईनं दार ओढून घेतलं. "अन् म्हातारी कुणाला म्हणता?"

मंजुषा हसली. बन्सी हसला नाही.

कन्नड. न थांबता. पण देवगाव रंगारीची पाटी दिसलीच.

सन शहाण्णव. लासूर स्टेशनच्या रेल्वे फाटकात पंचवीस मिनिटं गेली होती. थांबणं बन्सीला कधी मानवलंच नाही. फाटकात उभा राहिला तरी तो ॲक्सिलरेटर दाबत बसायचा. देवगाव रंगारीला गाडी लागली तेव्हा क्लचवरचा पाय नुसता थरथरत होता. माणसं उतरत होती. घंटी झाली नाही. बन्सीनं गाडी काढली. शेवटच्या पायरीवरची द्वारकाबाई मागच्या चाकाशी पडली. तिच्या उजव्या पायाची बोटं गेली.

चौकशीत फारूख म्हणाला, "घंटी मी दिली."

असं बोल म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बन्सी त्याच बाकावर बसला होता. शिवराज तेव्हा तीन महिन्यांचा. बन्सीनं तोंड उघडलं नाही. फारूख निलंबित होऊन आठ महिने घरी बसला आणि त्याची बायको, हसीना, गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावत राहिली. पुढं बन्सी रिटायर झाला तेव्हा, एकही अपघात नाही म्हणून, डेपोत त्याला शाल दिली. पहिली टाळी फारूखनंच वाजवली.

कन्नडचा घाट. चाळीसगाव. दशम्या आणि तिखट चटणी, एका निंबाखाली. "चला की आता," हे बन्सी चौथ्यांदा म्हणाला.

धुळं ओलांडलं आणि नाव गेलं.

त्यानं सीटच्या फटीत शोधावं तसं ते शोधलं. चेहरा होता. पानानं रंगलेले दात होते. कानामागं खोवलेली पेन्सिल होती. नाव नव्हतं. पाच किलोमीटर. दहा. शेवटी न राहवून त्यानं हळूच विचारलं, "आपण कुणाकडं चाललोय गं?"

चतुराबाईनं त्याच्याकडं वळून बघितलं.

"तुमच्या मास्तरकडं. फारूखभाईकडं."

"ते म्हाईतेय मला."

"व्हय. मी आपलं सांगितलं."

पुढं शहादा येईपर्यंत तो ओठ हलवत राहिला. फारूख, फारूख, घंटी नव्हती, फारूख.

तोरणमाळ. चार वाजले होते.

"आलं का माझं डायवर!" फारूख अंगणातूनच ओरडला. "अन् मागं बसून आलास? या अल्ला, काय दिवस आले रे!"

हसीनानं चहा दिला. मंडळी तळं बघायला गेली. बन्सी हलला नाही. हसीना उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. ती आत जायची वाट बघणंसुद्धा त्याला परवडणारं नव्हतं.

"मास्तर, तू घंटी दिली नव्हतीस. देवगावला. मीच गाडी काढली, अन् गप बसलो."

फारूखनं कप खाली ठेवला. दरीकडं बघितलं. मग मोठ्यानं हसला.

"दिमाग खराब हुआ क्या रे तेरा? दोरी मीच वढली की. दोनदा. तिकिटं मोजत होतो, दाराकडं बघितलंच नाय."

"नाय. मी ऐकली नव्हती."

"तुला तवा बी कमीच ऐकू यायचं. भाभीचं तर कधीच नाय."

"मस्करी नको. लई लांबून आलोय मी." बन्सीनं त्याचं मनगट धरलं. "खरं सांग. मला माझाच भरवसा नाय राहिला आता."

"मग माझ्यावर ठेव."

लसूण सोलायचा थांबला होता. हसीना नवऱ्याकडं बघत होती. फारूखनं तिच्याकडं मान वळवली नाही. "चाय और रखती मैं," म्हणत ती उठून आत गेली.

एकोणतीस वर्षं जपून आणलेलं वाक्य बन्सीनं दिलं होतं आणि घेणाऱ्यानं ते परत केलं होतं. तो डोळे मिटून त्या गाडीत जाऊन बसला. समोर देवगावचा थांबा, डोक्यावर दोरी. तिच्याकडं बघत राहिला. हलत नव्हती. मग थोडी हलल्यासारखी वाटली. हलली असेल. फारूख कशाला खोटं बोलेल?

"दोनदा?" त्यानं विचारलं.

"दोनदा. टन् टन्."

"हां," बन्सी म्हणाला. "टन् टन्." आणि मनगट सोडून खुर्चीत मागं टेकला, दिवसात पहिल्यांदाच.

शहाण्णव सालच्या त्या दिवशी घंटीची दोरी सकाळीच, लासूर स्टेशनला, तुटली होती आणि फारूख दिवसभर पत्र्यावर हात आपटून गाडी सोडत होता.